परदेशी जोडीदाराशी लग्न आणि व्हिसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलं की लोक आधी तारीख विचारतात. दोघांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असले की तारीख सगळ्यात शेवटी ठरवायची असते. आधी राहायचं कुठे ते ठरवा, मग त्या देशाचा कुठला व्हिसा आपल्याला बसतो ते बघा, आणि त्यावरून लग्न कुठे नि कधी करायचं ते. हा क्रम उलटा झाल्यामुळे लग्नानंतर वर्षवर्ष वेगळी राहिलेली जोडपी मी पाहिली आहेत. आम्हीही थोडक्यात वाचलो. माझा नवरा दुसऱ्या देशाचा. आमची फाइल मीच लावली, आणि तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक आपापल्या फायली घेऊन येतात. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच लिहून काढते. नियम देशागणिक वेगळे आणि दर थोड्या वर्षांनी बदलणारे आहेत, तेव्हा खालचे आकडे अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासून घ्या.

लग्न केलं की जोडीदाराला आपोआप नागरिकत्व मिळतं ना?

नाही. लग्न लावणारं खातं वेगळं आणि देशात राहू देणारं खातं वेगळं. विवाहनोंदणीचा दाखला हातात असला तरी त्यावर कोणी विमानतळाबाहेर सोडत नाही.

एके काळी लग्न आणि नागरिकत्व खरोखरच बांधलेलं होतं, पण ते बायकांच्या मुळावर येणारं. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं. १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बदल सुरू झाला तो १९२२ च्या केबल कायद्यापासून. आज बहुतेक देशांत पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी व्हिसा, मग निवास परवाना, मग कायमचा निवास, आणि वाटलं तर नागरिकत्व. लग्नामुळे फार तर मुदत कमी होते. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डनंतर ५ ऐवजी ३ वर्षांत नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. स्पेनमध्ये स्पॅनिश नागरिकाच्या जोडीदाराला १ वर्षाचा कायदेशीर निवास पुरतो. फ्रान्समध्ये साधारणपणे लग्नाला ४ वर्षं व्हावी लागतात.

मग मार्ग नेमके कोणते आहेत?

ढोबळमानाने पाच. फियान्से, म्हणजे लग्न ठरलेल्या जोडीदाराच्या, व्हिसावर जाऊन तिथे लग्न करायचं. आधी कुठेतरी लग्न करून जोडीदाराचा व्हिसा मागायचा. जोडीदार त्या देशात शिकायला किंवा नोकरीला आधीच असेल तर तिथूनच व्हिसाचा दर्जा बदलून घ्यायचा. लग्न न करता एकत्र राहण्याच्या पुराव्यावर अर्ज करायचा. आणि दोघांच्याही देशांत अडलं तर तिसऱ्याच देशात संसार थाटायचा.

सहावा एक मार्ग लोक विसरतात: उलट्या दिशेने जायचं. ज्याच्या देशाचे नियम सोपे, त्याच्याकडे राहायचं. बऱ्याच घरांत ‘कोण कुणाकडे जाणार’ हे गृहीतच धरलेलं असतं आणि दुसऱ्या देशाचा नियम कोणी उघडून बघितलेलाही नसतो. दोन्ही बाजूंचे नियम शेजारी शेजारी मांडा. एक संध्याकाळ पुरते.

फियान्से व्हिसा घ्यावा की आधी लग्न करून जोडीदाराचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर देशावर अवलंबून आहे, कारण हा व्हिसा सगळीकडे मिळतच नाही. कॅनडाने २००२ च्या नव्या कायद्यात फियान्से हा वर्गच काढून टाकला. तिथे एकतर लग्न, नाहीतर एकत्र राहिल्याचा पुरावा.

अमेरिकेत तो आहे, त्याचं नाव के-१. अर्ज फक्त अमेरिकन नागरिक करू शकतो. ग्रीन कार्डवाल्याला ही सोय नाही. अर्जाआधीच्या २ वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे. जोडीदार पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न, आणि तेही ज्याने अर्ज केला त्याच्याशीच. मुदतवाढ मिळत नाही, दुसऱ्या प्रकारच्या व्हिसात बदलता येत नाही. लग्नानंतर ग्रीन कार्डचा अर्ज पुन्हा वेगळा, त्याची फी वेगळी, आणि काम करायचा परवाना येईपर्यंत व्यवहारात घरी बसणं. याउलट आधी लग्न करून आय-१३०, म्हणजे नागरिकाने जोडीदारासाठी करायच्या अर्जाच्या, वाटेने गेलेला जोडीदार विमानतळावर उतरतो तोच कायमचा रहिवासी म्हणून, आणि लगेच नोकरी धरू शकतो.

ब्रिटनचा फियान्से व्हिसा ६ महिन्यांचा. त्यात लग्न उरकायचं, नोकरी करायची नाही, आणि मग आतूनच जोडीदाराच्या परवान्याचा अर्ज. म्हणजे दोन अर्ज, दोनदा फी. थेट जोडीदाराचा व्हिसा बाहेरून घेतला तर सुरुवातीला ३३ महिने मिळतात आणि पहिल्या दिवसापासून काम करता येतं. ऑस्ट्रेलियाचा ३०० क्रमांकाचा व्हिसा त्या मानाने उदार: ९ ते १५ महिने, आणि काम करायची मुभा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर, दोघांना कुठल्याही एका ठिकाणी कायदेशीर लग्न करता येत असेल तर ते करा आणि जोडीदाराच्या व्हिसाची वाट धरा. समारंभ नंतर कधीही होऊ शकतो. कायद्याला सही आणि शिक्का लागतो, मांडव लागत नाही. फियान्से व्हिसा खरा उपयोगी पडतो तो जिथे दोघांना लग्नच करता येत नाही तिथे. आणखी एका नाजूक प्रसंगी: जोडीदाराचं आधीच्या लग्नाचं मूल १८ ते २१ च्या मधलं असेल तर. अमेरिकेत सावत्र मूल म्हणून नातं धरायचं तर लग्न मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत झालेलं असावं लागतं, पण के-१ सोबत २१ वर्षांखालचं अविवाहित मूल येऊ शकतं. एकोणीस वर्षांचा मुलगा असताना आधी लग्न उरकणाऱ्यांना ही गोष्ट फार उशिरा कळते.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच लग्न केलं तर?

लग्न करणं आणि तिथे राहून जाणं या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढायला हव्यात.

अमेरिकेत पर्यटक म्हणून गेलेल्याने लग्न करून मुदतीत परत येणं हा गुन्हा नाही. पण राहण्याचा बेत मनात ठेवून ‘फिरायला आलोय’ असं अधिकाऱ्याला सांगणं ही फसवणूक धरली जाते, आणि तिची शिक्षा म्हणजे प्रवेशाला कायमची बंदी. ती माफ करून घ्यायचा अर्ज असतो, पण त्यात वर्षं जातात. सामानात लग्नाचे कपडे, फोनमध्ये ‘आता परत यायचंच नाही’ असा मेसेज, आणि तोंडी उत्तर ‘दोन आठवडे’, हे तिन्ही एकत्र सापडलं तर विमानतळावरूनच परत पाठवतात.

ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर लग्न लावताच येत नाही. त्यासाठी मॅरेज व्हिजिटर नावाचा वेगळा व्हिसा आहे. लग्न करा आणि ६ महिन्यांच्या आत परत जा, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर आतून जोडीदाराच्या परवान्यात बदल होत नाही.

जोडीदार आधीच त्या देशात शिकतोय किंवा नोकरी करतोय. बाहेर पडावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. कायदेशीर व्हिसावर असताना आतूनच दर्जा बदलण्याचा अर्ज अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळे घेतात, अटी वेगवेगळ्या.

सांभाळायचं ते प्रवासाचं. अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना आगाऊ प्रवास परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात (एच-१बी आणि एल या नोकरीच्या व्हिसांवर असलेल्यांना यातून सूट आहे). घरी कोणी आजारी पडलं म्हणून घाईत विमान पकडलं आणि सगळं पहिल्यापासून, असं घडतं. हा परवाना अर्जासोबतच मागून ठेवा.

मुदत संपूनही राहिलेल्यांचं गणित अजून चमत्कारिक. अमेरिकेत कायदेशीर प्रवेश करून नंतर मुदत उलटलेल्या माणसाने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं, तर आतून अर्ज करता येतो आणि ती चूक पोटात घातली जाते. पण तोच माणूस बाहेर पडला तर १८० दिवसांपेक्षा जास्त राहिल्याबद्दल ३ वर्षांची आणि वर्ष किंवा अधिक राहिल्याबद्दल १० वर्षांची प्रवेशबंदी लागते. म्हणजे ‘आधी परत जाऊन सगळं नीट करून येतो’ हा सज्जन विचारच अंगाशी येतो. अशा स्थितीत वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

आमचं नातं खरं आहे हे सिद्ध कसं करायचं?

अधिकारी प्रेम मोजत नाही. त्याच्यापुढे कागद असतात, आणि तो त्यातल्या फटी शोधत असतो. म्हणून चारशे सेल्फी जोडण्यापेक्षा काळाची सलग रेष दिसणं महत्त्वाचं: पहिली ओळख, पहिली भेट, पुढच्या भेटी, घरच्यांना कधी कळलं, लग्न कधी ठरलं. प्रत्येक टप्प्याला एक-दोन कागद पुरतात. विमानाचा बोर्डिंग पास, दोघांच्या नावाचं हॉटेल बुकिंग, पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांना पाठवलेले पैसे, एकत्र खातं असेल तर त्याचा उतारा. फोटो दहा-पंधरा, वेगवेगळ्या वर्षांतले, आणि शक्यतो त्यात दुसरीही माणसं असलेले. आई-वडिलांसोबत बसलेला एक फोटो समुद्रकिनाऱ्यावरच्या वीस फोटोंना भारी पडतो. चॅटचे शेकडो पानी प्रिंटआउट कोणी वाचत नाही. दर दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान लावा, ज्यात रोजचं काहीतरी असेल. ‘गॅसवाला आला का’ हा मेसेज ‘तुझ्याविना करमत नाही’ पेक्षा जास्त पटतो.

आमची फाइल एकदा परत आली ती माझ्याच चुकीने. लग्न ४ नोव्हेंबरचं. फॉर्ममध्ये मी सवयीने ०४/११ लिहिलं. त्या देशात महिना आधी लिहितात, म्हणजे वाचलं गेलं ११ एप्रिल. दाखल्यावर नोव्हेंबर, फॉर्मवर एप्रिल, आणि नवऱ्याच्या पासपोर्टवरचा शिक्का सांगत होता की एप्रिलमध्ये तो माझ्या देशात नव्हताच. पत्र आलं त्यात एकच ओळ होती: हजर नसताना लग्न कसं झालं ते स्पष्ट करा. रात्रभर झोप नाही. शेवटी एका पानाचं स्पष्टीकरण, नवा फॉर्म, दाखल्याची प्रमाणित प्रत आणि तीन महिन्यांचा उशीर. तेव्हापासून सोबतच्या पत्रात तारीख लिहिताना मी महिना अक्षरी लिहिते, आणि फॉर्ममध्ये चौकोनाखालची बारीक अक्षरं दोनदा वाचते.

मुलाखतीत काय विचारतात?

कसे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, सासू काय करते, सकाळी आधी कोण उठतं. शंका आली तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. अमेरिकेत अशा मुलाखतीला १९७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या एका खटल्यावरून ‘स्टोक्स इंटरव्ह्यू’ म्हणतात. पलंगाची कुठली बाजू कोणाची, टूथब्रशचा रंग कोणता, या थराला प्रश्न जातात.

पाठांतर करू नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. खऱ्या नवराबायकोंनाही पडद्याचा रंग आठवत नाही. दोघांनी शब्दन् शब्द तेच सांगितलं की उलट संशय वाढतो.

आम्ही ऑनलाइन भेटलो, अजून प्रत्यक्ष भेट नाही. अर्ज करता येईल?

अमेरिकेच्या फियान्से व्हिसासाठी नाही, २ वर्षांतली भेट लागतेच. टोकाचा त्रास किंवा कडक रूढी या कारणांवर सूट आहे, पण ती क्वचित मिळते. ब्रिटनच्या नियमांतही दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असणं अट आहे. शिवाय अमेरिकेत २००५ च्या एका कायद्यानुसार फियान्से व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला हिंसाचाराच्या गुन्ह्यांची नोंद असली तर ती जाहीर करावी लागते आणि ती माहिती परदेशी जोडीदारापर्यंत पोचवली जाते. ती माहिती आली तर नीट वाचा, लाजेखातर बाजूला ठेवू नका.

आणि भेटण्याआधीच ‘व्हिसाची फी भर’, ‘वकिलाला पैसे पाठव’, ‘बँकेत शिल्लक दाखवायची आहे’ असं सुरू झालं तर ते प्रकरण व्हिसाचं नाही. सरकारी फी सरकारच्या संकेतस्थळावर भरायची असते, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही.

व्हिडिओ कॉलवर लग्न लावलं तर चालेल का?

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या युटा काउंटीने ऑनलाइन विवाह लावायला सुरुवात केली आणि महासाथीच्या काळात जगभरातली जोडपी तिकडे वळली. लग्न म्हणून ते वैध. पण इमिग्रेशनचा कायदा वेगळा: लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांसमोर हजर नव्हते, तर त्यानंतर पतिपत्नी म्हणून एकत्र आल्याखेरीज अमेरिका ते लग्न व्हिसासाठी धरत नाही. म्हणजे लग्नानंतरची भेट आणि तिचा पुरावा हवाच. कॅनडा तर जून २०१५ पासून फोनवरचं, इंटरनेटवरचं किंवा प्रतिनिधीमार्फत लावलेलं लग्न इमिग्रेशनसाठी मानतच नाही. सैन्यात सेवेवर असलेल्यांना तेवढी सूट आहे.

उत्पन्न किती दाखवावं लागतं?

कुठल्या देशात जायचं ते बहुतेकांच्या बाबतीत यावरच ठरतं.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड, त्याआधी २०१२ पासून १८,६०० होते. एका फटक्यात दहा हजारांहून जास्त वाढ झाल्यामुळे कितीतरी जोडपी रेषेखाली गेली. बाहेरून अर्ज करताना ब्रिटनमधल्या जोडीदाराचंच उत्पन्न धरतात. येणाऱ्याचा परदेशातला पगार कितीही मोठा असला तरी त्यात मोजत नाहीत. उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पौंडांची बचत, आणि ती ६ महिने खात्यात पडून असलेली. हा आकडा आकाशातून पडलेला नाही: पहिले १६,००० मोजायचेच नाहीत, वरच्या रकमेने २९,००० ची अडीच पट भरली पाहिजे.

अमेरिकेत रेषा खाली आहे, सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, आणि कमी पडलं तर दुसरा कोणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहस्पॉन्सर होऊ शकतो. पण आय-८६४ नावाच्या ज्या हमीपत्रावर सही करायची, ते शेवटपर्यंत वाचा. ती जबाबदारी जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण १० वर्षं, जमा होईपर्यंत चालते. घटस्फोटाने ती संपत नाही. मित्राच्या बायकोसाठी सहज म्हणून सहस्पॉन्सर होणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

कॅनडात जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही, पण ३ वर्षं त्याचा खर्च उचलायची हमी द्यावी लागते.

भाषेची परीक्षा असते का?

काही देशांत असते. ब्रिटनला इंग्रजी आणि जर्मनीला जर्मन, दोन्हीकडे सुरुवातीला ए-१ पातळी, म्हणजे नाव, पत्ता, घरचं, बाजारहाट एवढं बोलता येणं. जर्मनीत काही देशांच्या नागरिकांना आणि ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या युरोपीय परवान्यावर) असलेल्यांच्या जोडीदारांना सूट आहे. ब्रिटनमध्ये पुढे मुदतवाढीला ए-२ आणि कायमच्या निवासाला बी-१ लागतं. परीक्षा मान्य केंद्रातूनच द्या; दुसऱ्या कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नाही.

वयाची काही अट?

लग्नाचं वय आणि व्हिसाचं वय एकच असेल असं नाही. नेदरलँड्समध्ये जोडीदार आणण्यासाठी दोघंही २१ पूर्ण हवेत. डेन्मार्कने २००२ मध्ये ते २४ वर नेलं. तेव्हा कित्येक डॅनिश तरुणांनी सामान उचललं, पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला घर घेतलं आणि रोज कोपनहेगनला कामाला जाऊ लागले. कारण दुसऱ्या युरोपीय देशात राहणाऱ्या युरोपीय नागरिकाला युरोपीय संघाचे नियम लागतात, स्वतःच्या देशाचे नाहीत.

म्हणजे तिसऱ्या देशात राहणं हा खरंच मार्ग आहे?

युरोपीय संघातला नागरिक असाल तर नक्की. २००४ च्या निर्देशानुसार संघातल्या दुसऱ्या देशात नोकरी करणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला, तो कुठल्याही देशाचा असो, सोबत राहायचा हक्क आहे. आणि तिथून परत मायदेशी येताना? त्याचं उत्तर १९९२ च्या सुरिंदर सिंह खटल्यात मिळालं. ब्रिटिश बायको आणि भारतीय नवरा जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले होते. युरोपीय न्यायालयाने सांगितलं की परत येणाऱ्या नागरिकालाही जोडीदारासाठी युरोपीय हक्क सोबत आणता येतात. ब्रिटन आता संघाबाहेर पडल्याने ब्रिटिशांची ती वाट बंद झाली, पण बाकीच्या देशांच्या नागरिकांना ती उघडी आहे. पाहुण्यासारखं महिनाभर राहून भागत नाही, खरा मुक्काम लागतो.

नुसतं लग्न तिसऱ्या देशात लावायचं असेल तर डेन्मार्क प्रसिद्ध आहे, कारण तिथे कागद कमी लागतात. मात्र डेन्मार्कमध्ये लग्न लावल्याने तिथे राहायचा हक्क येत नाही.

लग्न करायचंच नाही. एकत्र राहिल्याचं चालेल?

कॅनडात १२ महिने सलग एकत्र राहिलेलं जोडपं लग्नाच्याच रांगेत बसतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही १२ महिन्यांचाच हिशोब धरतात. ऑस्ट्रेलियात नात्याची सरकारी नोंदणी झालेली असेल तर तीही अट सुटते. ब्रिटनला किमान २ वर्षांचं लग्नासारखं नातं लागतं. अमेरिकेत मात्र हा मार्ग जवळपास नाहीच. आणि कागद जमवायला सुरुवात पहिल्या महिन्यापासून करा: भाडेकरारावर दोघांची नावं, एकाच पत्त्यावर येणारी दोघांची पत्रं. ते मागाहून तयार होत नाहीत.

आम्ही समलिंगी जोडपं आहोत. आम्हाला हेच नियम?

जिथे समलिंगी विवाह मान्य आहे तिथे हेच. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१३ च्या विंडसर निकालानंतर समलिंगी जोडीदारांचे व्हिसा सुरू झाले. युरोपीय न्यायालयाने २०१८ च्या कोमान खटल्यात रोमानियाला बजावलं की, तुमच्या कायद्यात असं लग्न नसलं तरी संघातल्या दुसऱ्या देशात झालेल्या लग्नाच्या जोडीदाराला राहू द्यावं लागेल. स्वतःच्या देशात लग्न शक्य नसणाऱ्यांना वर सांगितलेला फियान्से व्हिसा इथे खरा कामी येतो. कॅनडात लग्नही करता येत नाही आणि एकत्रही राहता येत नाही अशांसाठी एक तिसरा वर्ग आहे, पण तो मिळवायला तुमच्यापुढची अडचण कागदावर दाखवावी लागते.

कागदपत्रांत नेमकं कुठे अडतं?

नावात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, आधीच्या घटस्फोटाच्या हुकुमावर तिसरं. जमलं तर दुरुस्त करा, नाहीतर ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र सोबत द्या. दुसरी जागा म्हणजे आधीचं लग्न. ते संपल्याचा अंतिम हुकूम हवा, अर्ज दाखल केल्याची पावती नव्हे, आणि त्या हुकुमाची तारीख नव्या लग्नाच्या आधीची हवी. अविवाहित असल्याचा दाखला अनेक ठिकाणी ठरावीक महिनेच चालतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा.

परदेशात वापरायच्या सरकारी कागदावर अपॉस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागतं. १९६१ च्या हेग कराराने ही सोय आली. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये तीत सामील झाले. त्यामुळे जुन्या लेखांत या देशांसाठी दिलेली वकिलातीच्या शिक्क्यांची लांबलचक यादी आता कालबाह्य आहे. अपॉस्टील आधी की भाषांतर आधी हे मात्र ज्या कार्यालयात कागद द्यायचा त्यालाच विचारा.

तिथे गेल्यावर नातं तुटलं तर? मारहाण होत असेल तर?

‘व्हिसा माझ्या हातात आहे, बाहेर काढीन’ ही धमकी फार घरांत दिली जाते, आणि ती बऱ्याचदा खोटी असते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने छळ होणाऱ्या जोडीदाराला, नवरा किंवा बायको कोणीही असो, स्पॉन्सरला न कळवता स्वतःचा अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या परवान्यावर असताना हिंसाचारामुळे नातं तुटलं तर कायमच्या निवासाचा वेगळा अर्ज आहे. कॅनडाने ‘२ वर्षं एकत्र राहा, नाहीतर निवास रद्द’ ही अट २०१७ मध्ये काढून टाकली, आणि त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की तिच्या भीतीने लोक मार खात राहत. पासपोर्ट, दाखले आणि व्हिसाच्या पत्राचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असले तरी हे फोटो तुमच्याजवळ राहतात.

भांडणतंटा नसताना घटस्फोट झाला तर अमेरिकेत लग्न खऱ्या मनाने केलं होतं हे दाखवून सशर्त ग्रीन कार्ड पक्कं करायचा पुढचा अर्ज एकट्याने करता येतो.

कोणी पैसे देऊन कागदावरचं लग्न सुचवलं तर?

अमेरिकेत ५ वर्षांपर्यंत तुरुंग, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि पुढे खरं लग्न केलं तरी त्या माणसासाठी जोडीदाराचा व्हिसा बंद. यावर अजून काही लिहावंसं वाटत नाही.

वकील लागतोच का?

सरळ प्रकरण असेल तर नाही. दोघांचं पहिलं लग्न, नोकरी नियमित, आधी कुठला नकार नाही, असं असेल तर फॉर्म स्वतः भरता येतात. आधी व्हिसा नाकारलेला असेल, मुदत उलटून राहिला असाल, कुठलीही पोलीस केस असेल किंवा उत्पन्न काठावर असेल तर पैसे खर्च करा. नोंदणीकृत वकील किंवा परवानाधारक सल्लागारच गाठा. ‘आपली आत ओळख आहे’ म्हणणारा एजंट दिसला की उठून या.

व्हिसा हातात आला. आता?

पाकीट उघडल्याबरोबर नाव, जन्मतारीख आणि मुदत तपासा; छपाईची चूक पहिल्या आठवड्यात दाखवली तर सहज निस्तरते, वर्षाने नाही. मग कॅलेंडरमध्ये पुढची तारीख टाका. अमेरिकेत लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत गेलेल्यांना २ वर्षांचंच सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांतच शर्त काढायचा अर्ज करायचा असतो. ब्रिटनमध्ये ३३ महिने संपायच्या आत मुदतवाढ. दोघांच्याही फोनवर आठवण लावा, कारण तोपर्यंत संसार सुरू झालेला असतो आणि फाइल कपाटात सगळ्यात खाली गेलेली असते. आमची शिवणयंत्राच्या मागे सापडली होती, मुदतीच्या अकरा दिवस आधी.